पिशवी आमची, जमीनही आमची

दिवाळी सरली की रहिमतपूरच्या आसपासच्या फडांत कोयते येऊन पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा पडला की दंड उचलीत धरला जातो. पाळी असो, पोटात बाळ असो, मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. मग दुखणं वाढतं आणि कुणी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

बैठकीत कुणी म्हणतं, जमिनीच्या लढ्यात बायांची दुखणी कशाला? त्यांच्यासाठी ही हकीगत.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर नावाची काळी शेतमजूर बाई होती. लहानपणापासून मालकाच्या मळ्यात कापूस वेचायची. १९६१ साली गाठ काढायला दवाखान्यात गेली, तर डॉक्टरने न विचारता तिची पिशवीच काढली. तिथल्या कितीतरी गरीब काळ्या बायांचं असंच झालं होतं. पुढच्या वर्षी ती मतदार यादीत नाव घालायला गेली, तर मालकाने तिला मळ्यातून हाकललं. पण बाई दबली नाही. १९६९ मध्ये चाळीस एकरांवर तिने गोरगरिबांची सहकारी शेती उभी केली. ज्याला स्वतःची जमीन नाही त्याच्या अंगावरही दुसऱ्याची सत्ता चालते, हे तिने भोगलं होतं.

पुढे १९९४ साली शिकागोत बारा काळ्या बायांनी बसून 'प्रजनन न्याय' हा शब्द दिला. त्यातून तीन हक्क मांडले गेले: मूल नको तर नको, हवं तर हवं, आणि झालेलं मूल नीट वाढवता आलं पाहिजे. हा तिसरा हक्क आपल्या ओळखीचा आहे. रान नाही, पाणी नाही, तर लेकरं वाढवायची कुठं? फडावरच्या कोपीत?

या बायांचा मान फोटोला हार घालून होत नाही. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवू या. वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. प्रत्येक पट्टा काढून बाईचं नाव तपासायचं. पाळी-बाळंतपणाचा खाडा धरायचा नाही, हे उचल घेण्याआधी मुकादमाकडून कबूल करून घ्यायचं. आणि पिशवी काढायला सांगितलं, तर सरकारी दवाखान्यात दाखवल्याशिवाय कुणीही कागदावर अंगठा द्यायचा नाही. तिच्याबरोबर गावातल्या दोघी तरी जातील.

जिंदाबाद!