खोगीरभरती

'खोगीरभरती' हा शब्द आपण मराठी माणसं शिवीसारखा वापरतो. संमेलनाच्या व्यासपीठावर चार निरुपयोगी माणसं बसली, की खोगीरभरती. दिवाळी अंकात पानं भरायला कविता घातल्या, की खोगीरभरती. पण खोगिरात नेमकं काय भरायचं, किती भरायचं आणि चुकीचं भरलं तर वर बसणाऱ्याचे काय हाल होतात, याचा विचार हा शब्द वापरणाऱ्यानं सहसा केलेला नसतो. मीही केला नव्हता. मोटरसायकलवरून इंदूरला जाईपर्यंत.

बायकोची मावशी इंदूरला असते. मोटरसायकलवरून दोघांनी तिच्याकडे जायचं, हे आमचं लग्नानंतरचं जुनं स्वप्न. मुलं मोठी झाली, आणि एका मार्चमध्ये निघालो. फोंड्याहून चोर्ला घाटानं बेळगाव, पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसरा पुणे, तिसरा धुळे, चौथ्या दिवशी इंदूर. निघण्याआधी मी काय केलं? हल्ली सगळेच करतात तेच. साडेचार हजार रुपये मोजून सीटवर बांधायची जेलची गादी मागवली. बोट लावलं की लोण्यासारखी दबायची. शेजारीपाजारी येऊन बसून गेले, सगळ्यांनी माना डोलावल्या.

निपाणीच्या आसपास माझं बूड बधिर झालं. तिसऱ्या दिवशी खानदेशच्या उन्हात चहाला थांबलो. दहा मिनिटांनी परत बसलो तर ती जेलची गादी तव्यासारखी तापलेली. आणि चौथ्या दिवशी खलघाटला, नर्मदेचा पूल दिसत असताना, बायको गाडीवरून उतरली ती परत बसलीच नाही. शांतपणे म्हणाली, "तुम्ही या गाडीवरून. मी बसने जाते." इंदूर तिथून ऐंशीएक किलोमीटर. ती माझ्याआधी पोचली. मी दारात हेल्मेट काढतोय तोवर मावशी म्हणाल्या, "जावईबापू, आमचे होळकर-शिंदे खोगिरावर बसून माळव्यात आले. तुम्हाला आमची एक मुलगी आणता आली नाही?"

हसू नका. मी अजून हसू शकत नाही. तिचं दुखणं चार दिवस राहिलं, आणि परतीचा प्रवास तिनं रेल्वेनं केला.

गोव्यात परतल्यावर एका कुशनवाल्याकडे गेलो. एका गाळ्यात शिलाई मशीन, रेक्झीनच्या गुंडाळ्या आणि फोमचे तुकडे, एवढाच पसारा. माणूस मूळचा बेळगावकडचा. त्यानं मला गाडीवर बसवलं, बाजूनं वाकून पाहिलं, अंगठ्यानं सीट दाबली आणि म्हणाला, "साहेब, मऊ हाय म्हणूनच दुकतंय की!"

या एका वाक्यात सगळं आलं, आणि माझं भांडणही याच वाक्यासाठी आहे. मऊ म्हणजे आरामदायी, ही आपली समजूत साफ खोटी आहे. माणूस बसतो तो दोन हाडांवर. शरीराचं वजन पेलायला निसर्गानं ती दिलेली आहेत. खाली घट्ट आधार असला की ती आपलं काम करतात. सीट फार मऊ असली की ती आत रुततात, थेट खालच्या कडक पत्र्यापर्यंत, आणि बाजूचा फोम वर येऊन मांड्या आणि नाजूक भाग दाबू लागतो. रक्त नीट फिरत नाही, मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग कंबर. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून हे कळत नाही, आणि दुकानदाराला तर दोन मिनिटंच हवी असतात. सीटची परीक्षा पाचव्या तासाला होते. त्या वेळी दुकानदार आपल्या घरी सोफ्यावर असतो.

फोममध्येही फसवणूक आहे. फोम किती भरीव आणि किती टणक, या दोन वेगळ्या गोष्टी. हलका फोम नवा असताना छान वाटतो आणि लवकर बसतो. भरीव फोम आकार धरून ठेवतो. कुशनवाल्यानं खाली रिबॉन्डेड फोम घातला, म्हणजे फोमचे बारीक तुकडे दाबून चिकटवलेली ती रंगीबेरंगी, जड लादी. वर फक्त बोटभर जाडीचा नरम थर. मागच्या बाजूला, जिथं हाडं टेकतात, तिथं रुंदी वाढवली. पुढचा उतार काढला, कारण त्या उतारानं मी ब्रेकगणिक टाकीवर घसरत होतो आणि बायको माझ्यावर. मध्ये दोनदा नुसत्या फोमवर बसवून फेरी मारायला लावली, परत सुरीनं तासलं. शेवटी फोमवर प्लास्टिकचा कागद, आणि बसायच्या जागी एकही शिवण नाही. गोव्याच्या पावसात शिवणीतून पाणी शिरलं की सीट स्पंज होते, हे कुठल्या कॅटलॉगात लिहिलेलं असतं? सगळे मिळून अठराशे रुपये.

कुणी म्हणेल, हवेच्या उशा येतात, त्या चांगल्या असतात. असतात. पण लोक त्या फुग्यासारख्या टम्म फुगवतात आणि वर डुगडुगत बसतात. बूड सीटपासून जेमतेम सुटेल इतकीच हवा भरायची असते. ट्रकवाल्यांचं लाकडी मण्यांचं कव्हर तर आपल्याला गावंढळ वाटतं. त्याच्यातून वारा खेळतो, घाम साचत नाही. दिवसभर बसणाऱ्या माणसांनी निवडलेली वस्तू आहे ती. पण या सगळ्या वरच्या गोष्टी. खालचं खोगीर चुकलं असेल तर त्यावर काहीही बांधा, फरक पडत नाही.

दुसरा पक्ष मर्दांचा. त्यांचं म्हणणं, दुखायचंच, प्रवास म्हणजे सोसणं. यांना मी विचारतो, मागे बसणाऱ्या बाईला विचारलंत? मोटर वाहन कायदा १९८८, कलम १२८: मागच्या माणसाला चालकामागे पक्की बसवलेली, योग्य सीट हवी. कायद्यानं योग्य म्हटलं, आणि आज निम्म्या नव्या गाड्यांची मागची सीट पाहा. हातभर उंचीवर, तळहाताएवढी, शेपटासारखी निमुळती. बनवणाऱ्यानं बायकोला माणसात धरलेलं नाही, आणि विकत घेणाऱ्या आपणही नाही. मी स्वतः साडेचार हजारांची गादी घेतली ती पुढच्या सीटपुरती! मागे तिला कंपनीचा फोम आणि चार घड्यांची चादर. खलघाटला ती उतरली ते बरंच केलं.

दर तासाला थांबावं, खड्ड्यात पायांवर उभं राहावं, जाड शिवणीची जीन्स घालू नये, हे सगळं खरं आहे आणि करावंच. पण सीट मापाची असेल तरच त्याचा उपयोग. चप्पल मापाची घेतो, चष्मा मापाचा, ब्लाउज तर दोनदा उसवून शिवून घेतो. आणि ज्याच्यावर दिवसाचे आठ तास काढायचे ते मात्र डब्यातून आलेलं, सगळ्या जगाला एकच.

म्हणून मंडळी, लांब निघायचं असेल तर आधी कुशनवाल्याकडे जा. दोघांनी जा. तिलाही गाडीवर बसवा आणि त्याला तिचंही माप घेऊ द्या. त्याला घाई करू नका. हे गाळे कमी होत चाललेत. आणि ज्याचं काम आपण शिवी म्हणून वापरतो, तो खोगीर भरणारा माणूस शेवटी आपल्याला उचलून धरतो.

आमची नवी सीट दोनदा बेळगावला जाऊन आली. दोन्ही वेळा बायको मागे बसून गेली आणि मागे बसून आली. परवा मावशींना फोन केला, म्हटलं येत्या मार्चमध्ये परत येतो, एकाच गाडीवरून. बायकोनं हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "मावशी, खलघाटहून कळवते."