गोत्र तुटले, निषेध राहिला

दत्तक या शब्दाची किंमत साताऱ्यास कोणी सांगावयास नको. ५ एप्रिल १८४८ रोजी अप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर मुलगा दत्तक घेतला. डलहौसीसाहेबाने तो मानला नाही आणि राज्य गेले. सांगलीचे अखेरचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन हेही १९०३ साली दत्तक येऊनच गादीवर बसले. गादीसाठी घेतलेला मुलगा मूळचा कोणत्या घरचा, हे दडविण्याची चाल आपल्याकडे नव्हती. दिला कोणी, घेतला कोणी, हे पंगतीस बसलेल्या शेवटच्या भिक्षुकासही ठाऊक असे.

मग ज्या मुलास गादी नाही, आश्रमातील पाळणा आणि नोंदवहीतील एक ओळ एवढेच ज्याचे पूर्वचरित्र, त्याने प्रौढपणी ‘माझी आई कोण?’ असे विचारताच आमचे सभ्य गृहस्थ कानांवर हात का ठेवितात? ‘ज्यांनी वाढविले त्यांच्याशी ही कृतघ्नता!’ हा त्यांचा ठरलेला उद्गार. या मंडळींनी महाभारत कीर्तनात ऐकले असेल, वाचलेले दिसत नाही. आपण कुंतीचे पुत्र, हे कळल्यावर कर्णाने राधेला टाकले काय? राज्य समोर असताही तो राधेयच राहिला. जन्म कळल्याने त्याचा घात झाला नाही. तो युद्धाच्या तोंडावर कळला, यात झाला.

आश्रमातून हिंदू घरी आलेली कित्येक मुले १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तक गेली. या कायद्याने जन्मकुलाशी असलेले सर्व संबंध तुटतात. राहतो तो एक निषेध: जन्मकुळात असता जिच्याशी विवाह झाला नसता, तिच्याशी दत्तक गेल्यावरही व्हावयाचा नाही. कुळ सांगावयाचे नाही, पण त्याचा निषेध मात्र पाळावयाचा, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाही.

२०२२ च्या दत्तकविधान नियमांनी सज्ञान दत्तकास मूळशोधाचा अर्ज करू दिला आहे, हे खरे. नाव गुप्त ठेवा असे सांगून गेलेल्या आईची संमती घ्यावी, हेही आम्हांस सर्वथा मान्य. जेथे एका कुमारिकेच्या नावाचा बोभाटा तीन पिढ्यांस पुरतो, तेथे तिचा मांडलेला संसार उधळण्याचा हक्क कोणासही नाही, पोटच्या मुलासही नाही. परंतु संमती विचारावयाची तर आधी तिला गाठले पाहिजे. लग्नाने जिचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, ती बाई आज जतेत आहे की माणदेशात, हे कोण पाहणार? तिऱ्हाइताने शोध करू नये असा नियमच आहे. मग ज्यांच्यावर ते काम सोपविले, त्यांनी अर्जावर धूळ बसू दिली तर दत्तकाने जावे कोठे?

आणि आईचे काय? २०१५ च्या बालन्याय कायद्याने मूल सोपविल्यावर फेरविचारास तिला साठ दिवस मिळतात. एकसष्टाव्या दिवसापासून तिने आपले तोंड मिटावयाचे, कारण नियमांत शोध करणारा दत्तक आहे, शोध करणारी आई नाही. तिने मूल परत मागू नये, हे ठीक. पण ‘मी जिवंत आहे, विचारलेस तर भेटेन’ एवढी चिठ्ठी त्याच्या कागदांत ठेवण्याची तिला मुभा असावी, आणि ती दत्तकाने मागितल्यावाचून कोणी फोडू नये, इतकेच आम्ही मागतो. त्यासाठी नवे खाते नको. एक जबाबदार कारकून आणि वाळवी न लागणारे एक कपाट पुरे.