यंत्राची निगा : ब्रेकचे तेल गळते तेव्हा

बाजारहाटाच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाआतून ओल दिसली किंवा ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागले, तर 'तेल भरून भागवू' असे म्हणू नका. माल भरून घाट उतरताना हीच हयगय जिवावर बेतते.

डिस्क ब्रेकमध्ये पॅड दाबणाऱ्या भागाला कॅलिपर म्हणतात. त्यातल्या पिस्टनभोवती रबरी सील असते. ते झिजले किंवा पिस्टन गंजला, की तेल झिरपते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्यानेच आतून गंज धरतो. म्हणून ते साधारण दर २ वर्षांनी बदलावे.

पिस्टन गुळगुळीत असेल, तर नवे सील पुरते. बोटाला खड्डे लागले, तर पिस्टन किंवा अख्खा कॅलिपर बदलावा. नाहीतर नवे सीलही टिकत नाही. तेलात भिजलेले पॅड धुऊन वापरू नयेत. दोन्ही बाजूंचे नवे घालावेत. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही आत जाऊ देऊ नये, रबर फुगते. शेवटी ब्रेकमधली हवा काढावी आणि पेडल कडक लागल्यावरच गाडी रस्त्यावर आणावी.

सीलचे चार पैसे वाचतील. पण गाडीत आपलीच माणसे बसलेली असतात.