पिन सांगा, काका!

सोलापुरात नवी पेठेत चादरी घेतल्या की कार्डाचं यंत्र पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या हातात येतच नाही. "पिन सांगा, काका," असं पोरगा चारचौघांत विचारतो, आणि गिऱ्हाईकही बिनदिक्कत सांगतं! डिसेंबर २०१३ पासून दुकानातही डेबिट कार्डाला पिन लागू लागला, तो काय ओरडून सांगायला?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी ९४ कोटी पळवले, त्यातले बरेचसे नकली कार्डांनी, परदेशातल्या एटीएममधून. तिथे निदान जाणकार नेमलेले असतात. इथे बिलाच्याच संगणकावर दुपारी फुकटचे सिनेमे उतरवले जातात. त्याला जाणकार लागेल, खर्चही येईल, मान्य. पण यंत्र गिऱ्हाइकापुढे सरकवून मान वळवायला मालकाचं काय जातं?