बुजुर्गांचा संघ

वय झालेला फुटबॉल संघ मोठी स्पर्धा जिंकू शकतो का? शकतो. २३ मे २००७ रोजी अथेन्समध्ये एसी मिलानने लिव्हरपूलला २-१ असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा कर्णधार माल्दिनी ३८ वर्षांचा होता. दोन्ही गोल करणारा इन्झागी ३३ वर्षांचा. तजुर्बा काय करू शकतो, ते जगाने पाहिले.

पण पुढच्याच हंगामात आर्सेनलने मिलानला घरच्या मैदानावर २-० असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. इटलीच्या लीगमध्येही संघ पाचव्या क्रमांकावर घसरला. बुजुर्ग आणखी थकले होते आणि त्यांची जागा घेणारे पुरेसे तयार नव्हते.

आता २०२२ ची रेआल माद्रिद पाहा. प्रशिक्षक तेच, कार्लो अँचेलोटी. मँचेस्टर सिटीविरुद्धच्या उपांत्य फेरीत संघ मागे असताना त्यांनी ३२ वर्षांच्या क्रूसला आणि ३६ वर्षांच्या मॉड्रिचला बाहेर बोलावले. २१ वर्षांच्या रॉड्रिगोला आणि १९ वर्षांच्या कामाविंगाला आत पाठवले. अखेरच्या क्षणी रॉड्रिगोने लागोपाठ दोन गोल केले. जादा वेळेत निर्णायक पेनल्टी मारली ती ३४ वर्षांच्या बेन्झेमाने. पुढे करंडकही माद्रिदनेच नेला.

वाचकहो, बुजुर्गांना घालवून संघ तरुण होत नाही, आणि केवळ त्यांच्या भरवशावर टिकतही नाही. अब्बा दुकानात असतानाच मुलाने गल्ल्यावर बसायला शिकावे, तसेच हे.