फिरायला बोलावता, की बाळंतपणाला?

आपल्या भागातल्या आई-वडिलांची पहिली परदेशवारी अनेकदा अमेरिकेची असते आणि तिची तारीख दवाखान्यातला डॉक्टर ठरवतो. सुनेचे किंवा लेकीचे दिवस फेब्रुवारीत भरतात, म्हणून यांनी जानेवारीत निघायचं. फोनवर मात्र शब्द वेगळे असतात : ‘आई, बाबा, सहा महिने मस्त फिरायला या.’ माझं भांडण या ‘फिरायला’शी आहे. बाळंतपणाला बोलावणं यात गैर काहीच नाही. पण त्याला सहल म्हणायचं, आणि मग आयुष्यात एकदाच होणारी ती सहल झाली असं धरून चालायचं, ही फसवणूक आहे. प्रेमातली आहे, म्हणून ती कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

आमचं आंजी (मोठी) वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कापूस-सोयाबीनचा मुलूख. अशा गावांतली पोरं इंजिनिअर झाली, पुण्या-हैदराबादला गेली, त्यातली काही तिथून पुढे उडाली. मागे राहिले ते कोणी निवृत्त मास्तर, कोणी पाच-सात एकरांचा शेतकरी. यांच्या प्रवासाचं नियोजन कसं होतं ते पाहा. व्हिसाचा फॉर्म मुलगा रात्री जागून तिकडून भरतो. तिकीट तो काढतो, विमाही तोच. आई-वडिलांकडे काम उरतं कागद गोळा करण्याचं : सातबारा, पेन्शनची कागदपत्रं, बँकेतल्या ठेवींच्या पावत्या. मग सेवाग्राम एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई. तिथेही हेलपाटे दोन : एकदा बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला, दुसऱ्यांदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला. माणशी फी १८५ डॉलर. दोघांचे मिळून आजच्या दराने तीस हजारांच्या वर जातात, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. अमेरिकेचा कायदा असं गृहीत धरतो, की पर्यटक म्हणून अर्ज करणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे. तसं नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणजे ज्याचा जीव वावरात अडकलेला आहे, त्यानेच काचेपलीकडच्या अधिकाऱ्याला सांगायचं, की साहेब, मला परत यायचं आहे.

या सगळ्या धावपळीत एक प्रश्न कोणीच विचारत नाही : ‘तुम्हाला तिथे काय पाहायचं आहे?’

तो विचारला जात नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं. बाळ, बाळाची आई, स्वयंपाकघर. मधे एखादा शनिवार-रविवार काढून न्यूयॉर्क आणि नायगारा, फोटोंसहित. देश केवढा आहे याची कल्पना तोवर कोणी दिलेली नसते. अमेरिका क्षेत्रफळाने भारताच्या जवळपास तिप्पट आहे. काश्मीर ते कन्याकुमारी हे आपलं मोठ्यात मोठं अंतर, भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर. न्यू जर्सीतल्या मुलाच्या घरापासून ग्रँड कॅन्यन रस्त्याने त्याहून लांब. एवढ्या देशात ‘बाळ जरा मोठं झालं की जाऊ’ म्हणणं म्हणजे जायचं नाही असंच म्हणणं. सहा महिने निघून जातात आणि परतीच्या विमानात पाहिलेल्या जागा मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आणि रोजचं काय? इथे हीच माणसं पायी बाजारात जातात, एसटीने वर्धा गाठतात, चौकात तासभर बसतात. तिथल्या उपनगरात गाडी चालवता येत नसेल, तर दूधही दुसऱ्याने आणून द्यावं लागतं. कित्येक ठिकाणी पायी जाण्याच्या अंतरावर दुकानच नसतं. याच जिल्ह्यातल्या पवनारहून विनोबा १९५१ साली दिल्लीला पायी निघाले होते. त्या मातीतल्या माणसाला तिथे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पायी जाता येत नाही. त्यात जानेवारीची थंडी. मुलगा-सून कामावर, बाळ झोपलेलं, आणि बाहेर बर्फ. याला सुट्टी कोण म्हणेल?

मुलांची बाजू आहे, आणि ती खरी आहे. आपल्याकडे २०१७ पासून कायद्याने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या केंद्रीय कायद्यात खासगी नोकरीसाठी अशी पगारी रजाच नाही. १९९३ चा कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी आणि अटी लावून. पाळणाघराचा खर्च ऐकून इथल्या माणसाला घेरी येते. मग आजीला बोलावण्यावाचून गत्यंतर नसतं. आधी मुलीकडची आजी सहा महिने, ती परतली की मुलाकडची, कारखान्यातल्या पाळीसारखं. मला राग येतो तो इथे. ज्या रजेचा पैसा अमेरिकेतल्या मालकाने किंवा सरकारने द्यायला हवा, तो आंजी, खरांगण्याच्या बाया आपल्या कमरेने आणि गुडघ्यांनी भरतात. कोणत्याच हिशेबात त्याची नोंद नाही. वर त्यांनाच ऐकवायचं, ‘अमेरिका फिरवून आणली.’

मराठीत याचं उलट उदाहरण फार जुनं आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या. विधवा बाई, सोबत पाच वर्षांचीही पुरती न झालेली मनोरमा. समारंभ उरकून त्या परतल्या नाहीत. १८८८ च्या अखेरीपर्यंत राहिल्या, भाषणं देत देशभर हिंडल्या, शाळा पाहिल्या, बायकांच्या संस्था पाहिल्या आणि १८८९ साली त्या देशावर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. कुठे जायचं, काय पाहायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी, विमानाच्या काळात, आमच्या बायांना ते ठरवता येत नसेल तर प्रगती नेमकी कोणाची झाली?

कोणी म्हणेल, नातवाचं सुख काय कमी आहे? मुळीच नाही. पण सुख आणि सुट्टी एक नव्हेत. नातवाला न्हाऊ घालण्यात सुख आहे, म्हणून ते काम नाही असं होत नाही. आणि ‘आम्हाला कुठं काय पाहायचं’ असं आई म्हणते, ते खरं मानू नका. जिला आयुष्यात कधी कोणी विचारलंच नाही, ती दुसरं काय म्हणणार?

तेव्हा दोन प्रवास वेगळे करा. बाळंतपणाला बोलवायचं तर त्याच शब्दात बोलवा, आणि आईसाठी आठवड्यातला एक दिवस बिनकामाचा ठेवा. सहल ठरवायची तर बाळाआधी किंवा बाळ चालायला लागल्यावर ठरवा, आणि इथल्या शेतीचं वेळापत्रक धरून ठरवा. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मागोमाग कापसाची वेचणी. एप्रिल-मे मोकळे, मृगाच्या आत परत. आपल्याकडे ऊन भाजून काढतं तेव्हा तिकडे हवा बरी असते. बारा दिवसांत अख्खा देश दाखवण्याच्या नादी लागू नका. एक कोपरा निवडा आणि तिथे आठ दिवस राहू द्या. रेल्वेत आयुष्य गेलेल्या माणसांना शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या गाडीत बसवा. दोन रात्री, तीन दिवस, खिडकीशी. देश मोठा म्हणजे केवढा, ते तिथे कळतं. वयाप्रमाणे विमा घ्या, जुन्या आजारांबद्दलची त्यातली अट आधी वाचा. तिकडचं दवाखान्याचं बिल इथलं वावर विकायला लावू शकतं.

आणि सगळ्यात आधी नकाशा बापापुढे पसरा, आईलाही बोलवा. बोट त्यांना ठेवू द्या. त्यांनी तुमच्या गावावरच ठेवलं तर उत्तम. पण ते त्यांनी ठेवलेलं असू द्या.