बक्षीस नको, ऑर्डर द्या

डीआरडीओला कुलूप लावा आणि तो पैसा स्टार्टअप कंपन्यांना वाटून टाका, हा सल्ला ऑपरेशन सिंदूरनंतर इतका स्वस्त झाला आहे की तो द्यायला आता संरक्षणाची काही माहिती असावी लागत नाही. मे २०२५मध्ये एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० पाकिस्तानी ड्रोन आल्याचा सरकारी अंदाज जाहीर झाला आणि चर्चेला ऊत आला. एक पक्ष म्हणतो, या तरुण कंपन्यांना मोकळे सोडा, सहा महिन्यांत शस्त्र हातात देतील. दुसरा नाक मुरडतो : कसले संशोधन, चीनमधून सुटे भाग आणायचे, स्क्रू पिळायचे आणि वर तिरंगा चिकटवायचा. तिसरा पक्ष संख्येने लहान पण मनाने प्रामाणिक आहे. तो विचारतो, नफ्यासाठी मारण्याची यंत्रे बनवणाऱ्यांचे कौतुक कसले करता?

या तिघांचे आपसात पटत नाही, पण तिघांची नजर बनवणाऱ्यावरच खिळलेली आहे. विकत घेणाऱ्याकडे कोणी बघायला तयार नाही. लष्करी सामानाला या देशात गिऱ्हाईक एकच आहे, आणि खरा आजार त्याच्या खरेदीच्या रीतीत आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी 'सहा महिन्यांत' वाल्यांचा समाचार घेऊ. त्यांचे लाडके उदाहरण नवी मुंबईतल्या महापेच्या आयडियाफोर्ज या ड्रोन कंपनीचे. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ती २००७मध्ये सुरू केली. 'थ्री इडियट्स'मध्ये वसतिगृहाच्या खिडकीशी घोंगावणारे चार पंख्यांचे यंत्र त्यांचेच. पुढे दीड किलोचा 'नेत्र' ड्रोन झाला. तो त्यांनी एकट्याने केला नाही, तर डीआरडीओच्या पुण्यातल्या, दिघीच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेबरोबर केला. २०१३च्या उत्तराखंड प्रलयात अडकलेली माणसे शोधायला तोच वापरला गेला. आणि लष्कराची मोठी ऑर्डर, 'स्विच' या ड्रोनची, सुमारे १४० कोटींची, कधी आली? जानेवारी २०२१मध्ये. कंपनी निघाल्यावर चौदाव्या वर्षी, आणि तीही गलवानमध्ये रक्त सांडल्यावर.

ही चौदा वर्षे कोणी झोपा काढल्या म्हणून गेली नाहीत. महापेच्या आवारात झकास उडणारा ड्रोन लडाखमध्ये पाच हजार मीटरवर नेला की हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरते. तेवढीच उचल मिळवायची तर पंख्याला सुमारे ३० टक्के जास्त वेगाने फिरावे लागते. म्हणजे मोटार जास्त वीज ओढते, आणि नेमकी तिथेच गोठवणाऱ्या थंडीने बॅटरी अंग चोरून बसते. वर वारा. वर शत्रूचा जॅमर, जो उपग्रहाकडून येणारी दिशाच पुसून टाकतो. यातली प्रत्येक अडचण प्रत्यक्ष तिथे जाऊन, यंत्र पाडून, गोळा करून, पुन्हा बांधूनच सुटते. 'स्विच'सारखे साडेसहा किलोचे यंत्र सरळ वर उठते, मग विमानासारखे आडवे होऊन दोन तास टेहळणी करते, हे ऐकायला सोपे आहे. ते सहा महिन्यांत होते असे सांगणाऱ्याने एकदा लेहला जाऊन साधा मोबाइल दिवसभर चालवून दाखवावा.

दुसरे उदाहरण नागपूरचे. 'नागास्त्र-१' या आत्मघाती ड्रोनचे काम सोलर इंडस्ट्रीजच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीचे, आणि तिच्या जोडीला बेंगळुरूची झेडमोशन ही छोटी कंपनी. नऊ किलो वजन, अर्धा तास उड्डाण, पोटात एक किलोचा स्फोटक गोळा. लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम रद्द झाली तर ते पॅराशूटने परत उतरवता येते आणि पुन्हा वापरता येते. लष्कराने असे ४८० मागवले. पहिले १२० जून २०२४मध्ये पुलगावच्या दारूगोळा डेपोत पोचले. आता बघा : उडवण्याची अक्कल तरुण कंपनीची, पण तो एक किलोचा गोळा? तो गॅरेजमध्ये होत नाही. त्याला परवाने लागतात, इमारतींमध्ये ठरावीक अंतर सोडून बांधलेली कोठारे लागतात, वर्षानुवर्षे दारू हाताळलेली माणसे लागतात. स्फोटकांचे नियमन करणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्याच शहरातून हे शस्त्र बाहेर पडावे यात आश्चर्य नाही. जुने कारखाने, सरकारी प्रयोगशाळा आणि नवी पोरे यांची मोट बांधली तर शस्त्र होते. एकाला घरी बसवून दुसऱ्याला हार घातला तर फक्त परिषदा होतात.

म्हणून डीआरडीओची वकिली करतो आहे असे कोणी समजू नये. तीस हजार फूट उंची आणि २४ तास उड्डाण या सैन्यदलांच्या अटी त्यांच्या 'तापस' ड्रोनला वर्षानुवर्षे गाठता आल्या नाहीत, हा इतिहास ताजा आहे. पण त्यावर कुलूप हा उपाय नव्हे.

आता स्क्रू पिळण्याचा आरोप. त्यात तथ्य आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चिनी भाग आढळले म्हणून संरक्षण मंत्रालयाने २०२५च्या सुरुवातीला सामान वाहणाऱ्या ४०० ड्रोनचे, २३० कोटींहून अधिक किमतीचे करार रद्द केले. चांगले केले. पण हे भाग आत शिरले कसे, हे कोणी विचारले? आपले टेंडर 'एल-वन'वर ठरते. तांत्रिक अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याची किंमत सर्वात कमी, ऑर्डर त्याची. आता मोटारीचे लोहचुंबक घ्या. दुर्मिळ मृदा धातूंपासून होणारी जगातली सुमारे ९० टक्के चुंबके चीन बनवतो. इथे मोटार गुंडाळणारा, इथे सर्किट छापणारा कारखानदार दोन पैसे महाग पडणारच. मग जो प्रामाणिकपणे देशी भाग वापरतो तो टेंडर हरतो, जो शेन्झेनहून पेटी मागवून लेबल बदलतो तो जिंकतो, आणि वर्षाने पकडला गेला की आपण सगळ्या जमातीच्या नावाने खडे फोडतो. स्वस्ताईला बक्षीस द्यायचे आणि स्वदेशीवर प्रवचन करायचे, हे दोन्ही एकाच टेबलावरून चालते.

शिवाय सगळेच भाग सारखे घातक नसतात. ड्रोनचा मेंदू म्हणजे उड्डाण नियंत्रक, त्याला आज्ञा पोचवणारा रेडिओ आणि आतले सॉफ्टवेअर यांत परक्याचा हात असेल तर ते शस्त्र शत्रूचेच समजावे. तिथे सवलत शून्य हवी. चुंबकातून मात्र कोणी हेरगिरी करत नाही. तिथला धोका वेगळा आहे, पुरवठा तुटण्याचा. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा आपल्या मोटार उद्योगालाही घाम फुटला होता. चोरीच्या धोक्यावर बंदी हा इलाज आहे. टंचाईच्या धोक्यावर साठा हवा, आणि कितीही वेळ लागला तरी स्वतःचा कारखाना हवा. दोन्ही आजारांना एकच काढा पाजणाऱ्यांनी आधी ड्रोन उघडून पाहावा.

तिसऱ्या पक्षाशी मला भांडायचे नाही, पण त्यांचे उत्तर मला पुरे वाटत नाही. २०१८मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी ड्रोनचे चित्रण संगणकाकडून तपासून घेणाऱ्या पेंटागॉनच्या 'मेव्हन' प्रकल्पाविरुद्ध सह्या केल्या, कंपनीने कराराचे नूतनीकरण केले नाही, आणि काम थांबले नाही. ते दुसऱ्यांकडे गेले. सज्जनांनी अंग काढून घेतले की शस्त्र बनायचे थांबत नाही, फक्त बनवणाऱ्यांच्या खोलीतला एक शंकेखोर माणूस कमी होतो. विचारायचा प्रश्न सरकारला आहे. स्वयंचलित शस्त्रांबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३मध्ये १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला, आणि त्या चारांत आपण होतो. नागास्त्रामध्ये निर्णय माणसाच्या हाती ठेवला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पुढच्या यंत्रात तो ठेवायचा की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर न सोडता खरेदीच्या अटींत लिहिता येते. म्हणजे पुन्हा गाडी गिऱ्हाइकापाशीच येऊन थांबली.

या गिऱ्हाइकाची रीत बघू. २०१८मध्ये 'आयडेक्स' सुरू झाले आणि कल्पना उत्तम होती : सैन्यदलांनी अडचण सांगायची, छोट्या कंपनीने तोड काढायची, सरकारने दीड कोटीपर्यंत अनुदान द्यायचे. पुढे दहा कोटींची 'प्राइम' आली, पंचवीस कोटींची 'अदिती' आली. अनुदानाइतकाच पैसा कंपनीनेही घालायचा. इथवर सगळे गोड. विजेत्यांचे फोटो निघतात, प्रदर्शनात मंत्री यंत्राला हात लावतात. आणि नमुना तयार झाल्यावर? मग 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' चाचण्या. उन्हाळ्यात पोखरणचे वाळवंट, हिवाळ्यात लडाख. यंत्रे तुमची, माणसे तुमची, खर्च तुमचा, आणि पास झालात तरी खरेदी होईलच असे नाही. अट बदलली तर पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या उद्योगसमूहाला हे परवडते, त्याच्याकडे सिमेंट आहे, पोलाद आहे, मोटारी आहेत. चाळीस माणसांच्या कंपनीचा पगाराचा दिवस मात्र दर महिन्याला येतो.

आकडेही बोलके आहेत. आयडेक्सला २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी मिळाले ४९८.७८ कोटी. अदितीचे तीन वर्षांचे ७५० कोटी त्यात मिळवा. दोन्ही मिळून वर्षाला साधारण साडेतीनशे कोटी होतात. २०२५-२६चा संरक्षणाचा भांडवली खर्च १.८० लाख कोटी. हजार रुपयांत दोन रुपये. या दोन रुपयांवर आत्मनिर्भरतेची एवढी भाषणे झाली आहेत. पण मी हे दोन रुपये चार करा असे मागत नाही. उरलेल्या ९९८ रुपयांच्या दारातून या कंपन्यांना आत येऊ द्या, एवढेच म्हणतो.

आता मोठी ऑर्डर मिळते ती संकट आले की. गलवान झाले, तातडीची खरेदी. सिंदूर झाले, तातडीची खरेदी. वळिवाच्या पावसावर विहीर भरत नाही. आयडियाफोर्जचा शेअर जुलै २०२३मध्ये बाजारात आला, ६७२ रुपयांना विकलेला पहिल्याच दिवशी १३००च्या घरात उघडला. २०२४-२५मध्ये ऑर्डरी रोडावल्या, तशी कंपनीची उलाढाल जवळपास निम्म्यावर आली, नफ्याचा तोटा झाला आणि शेअर मूळ किमतीच्याही खाली गेला. तंत्रज्ञान तेच होते, माणसेही तीच.

अमेरिकेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथला दरवाजा कसा उघडला हेही सांगावे. २०१६मध्ये पॅलंटिर कंपनीने अमेरिकी लष्करालाच कोर्टात खेचले. बाजारात तयार माल मिळत असेल तर आधी तो विचारात घ्या असे १९९४चा कायदा सांगतो, आणि तुम्ही तो न बघताच स्वतःची प्रणाली घडवत बसला आहात, हा दावा. कोर्टाने तो मान्य केला. त्याआधी २०१४मध्ये स्पेसएक्सनेही हवाई दलाला कोर्टात खेचले होते. आपल्याकडे पुरवठादाराने मंत्रालयावर दावा लावायचा म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. युक्रेनमध्ये तर आणखी वेगळे घडले. तुकडी ड्रोन वापरते, पडला तर का पडला ते थेट बनवणाऱ्याला कळवते, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलून सुधारलेला माल काही आठवड्यांत आघाडीवर जातो. अमेरिकी स्टार्टअपचे महागडे ड्रोन सुरुवातीला तिथे रशियन जॅमिंगपुढे गळपटले, कारण ते आघाडीपासून दूर बसून बनले होते.

यावर लष्करातले लोक म्हणतील, अपुरे शस्त्र जवानाच्या हाती द्यायचे का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हजारांची ऑर्डर मागत नाही. पन्नास यंत्रे घ्या, पूर्ण पैसे देऊन घ्या, सरावात दोन-तीन तुकड्यांना द्या, मोडू द्या, आणि काय मोडले ते लिहून कंपनीला कळवा. सुधारणा झाली तर पुढची दोनशे घ्या, नाही झाली तर नाव काढून टाका. दरवर्षी थोडी, पण दरवर्षी. यात फसवणाऱ्या कंपन्याही गळतील, आणि त्या गळायलाच हव्यात.

हे अशक्य नाही याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या खरेदी नियमपुस्तिकेत, देशात विकसित केलेल्या वस्तूंसाठी पाच वर्षांपर्यंत ठरावीक संख्येच्या ऑर्डरची हमी देण्याची सोय आहे. फक्त ही पुस्तिका महसुली खरेदीची, म्हणजे सुटे भाग, दुरुस्ती, रोजचे सामान यांची. ड्रोन, तोफा, रडार ही भांडवली खरेदी. तिची नियमावली २०२०ची, आणि तिच्या फेरआढाव्यासाठी २०२५मध्ये समिती बसली आहे. सुट्या भागांना जी हमी मिळते ती शस्त्राला का नको, याचे उत्तर त्या समितीने द्यावे.